मल्लम्मा खुर्चीवर बसली

...तर दगड. काल त्या दगडापाशीच थांबलो होतो आपण. पाझर तलावाच्या बांधाखाली लिंबाची सावली होती, सावलीत म्हशीच्या पाठीसारखा ऐसपैस काळा दगड होता, आणि दुपारची सुट्टी झाली की कामावरच्या सगळ्या बाया त्याच्यावर टेकायच्या. मल्लम्मा तेवढी उभी राहायची. भाकरीसुद्धा उभ्यानं खायची, लिंबाला पाठ लावून. का, ते सांगायचं राहिलं.

काल जे नव्हते त्यांच्यासाठी एवढं सांगायला हवं की हे रेणापूरच्या शिवारातलं गाव. लातूर जिल्हा नुकता नवा झाला होता, लोकांच्या तोंडातून अजून उस्मानाबादच निघायचं. जिल्हा आला पण पाऊस काही त्याच्याबरोबर आला नाही. विहिरींनी तळ दाखवला, आणि सरकारनं पाझर तलावाचं काम काढलं. ज्या बायांनी कधी दुसऱ्याच्या बांधावर पाय ठेवला नव्हता त्याही डोक्यावर पाटी घेऊन मातीच्या रांगेत उभ्या राहिल्या. मल्लम्मा त्यातलीच. माहेर उदगीरकडचं, गळ्यात लिंग, कपाळाला विभूती, सातवी पास. नवरा विरूपाक्ष लातूरला तेलाच्या गिरणीत, आठवड्याला एकदा घरी. अंगानं भरलेली आणि जिभेनं अशी, की तिला उलटं बोलायच्या आधी माणसानं पाणी पिऊन घ्यावं.

आणि तिचं दुखणं म्हणजे घाम.

आता म्हणाल, उन्हाळ्यात घाम कुणाला येत नाही? मराठवाड्यात तर दगडालाही येतो. पण मल्लम्माचा घाम कपाळावर रेंगाळायचाच नाही. तो सगळा खाली उतरायचा, मांड्यांच्या सांध्यात, जांघेत, बाईमाणसानं जिथलं नावही चारचौघांत घेऊ नये तिथं. न्हातीधुती झाली तेव्हापासूनचं हे. चार पाट्या टाकेपर्यंत काष्टा भिजायचा. भिजलेलं लुगडं चालता चालता घासायचं, कातडी लाल व्हायची, चरचरायची, आणि संध्याकाळी खाज अशी सुटायची की सासूसमोर बसून शेंगा फोडणंही मुश्कील. पाणी असतं तर दोन वेळा धुतलं असतं. पण टँकर यायचा दिवसाआड, घरी माणसं सात, आणि बाईच्या वाट्याला उरलंसुरलं. लुगडं तर वाळायचं आणि घामाच्या मिठानं जांघेपाशी पापडासारखं कडक व्हायचं.

पहिल्या पहिल्यांदा तीही दगडावर बसलीच होती. एक दिवस उठली आणि मागून महादेवी नावाची एक बाई ओरडली, "अगं बया, ह्या दगडावर पाणी कुणी सांडलं गं? टँकर तर आला न्हाई अजून!" सगळ्या हसल्या. कुणाला काही कळलं नव्हतं, सगळ्या नुसत्या पाण्याच्या नावानं हसल्या होत्या. पण मल्लम्माला कळलं होतं की ते पाणी कुणाचं. त्या दिवसापासून ती बसली नाही. कामावर नाही, देवळाच्या पायरीवर नाही, सोयऱ्याच्या सतरंजीवरही नाही. "बस की गं," कुणी म्हटलं की म्हणायची, "मला उभ्यानंच बरं वाटतं." बाया म्हणाल्या, उभी हायसच तर आमच्या लेकरांना झोका दे. मग दुपारभर लिंबाला बांधलेल्या झोळ्या हलवत ती उभी. नवरा घरी आला तर "उकडतंय" म्हणून भिंतीकडं तोंड करून निजायची. बिचारा विरूपाक्ष! त्याला वाटायचं गिरणीच्या तेलाचा वास आवडत नाही हिला. तो आणखी घासून घासून अंघोळ करायचा, आणि तेवढं पाणी कमी झालं म्हणून ही आणखी चिडायची.

एवढं असूनही निभलं असतं. पण त्याच कामावर पारूबाई होती.

पारूबाई नांदेड जिल्ह्यातली, किनवटच्या जंगलाकडची. होस्टेलात राहून नववीपर्यंत शिकलेली. गावात नव्या वस्तीवर, बुद्धविहारामागं घर. नवरा नरसिंग गवंड्याच्या हाताखाली. काटकुळी, हसरी, आणि बसण्यात पटाईत! ती दगडावर बसायची, मातीच्या ढिगावर बसायची, उपड्या पाटीवर बसायची, कुठंही पाय पसरून ऐसपैस बसायची. मग उठून साडीवर मागून दोन थापा मारायची आणि चालायला लागायची. साडी कोरडी, चाल मोकळी.

ती उठली की मल्लम्मा सहज गेल्यासारखी त्या दगडापाशी जायची आणि पायाच्या अंगठ्यानं दगड चाचपायची.

कोरडा. ठणठणीत कोरडा!

रोज चाचपायची. आज तरी ओला निघेल, अशी आस लावून. मनात म्हणायची, "हिला काय मातीनं बनवलंय का शिवानं? तेच ऊन, तीच पाटी, तीच वाट. सगळ्या बायांचा घाम गोळा करून माझ्याच एकटीच्या लुगड्यात बांधला व्हय रे देवा?" पारूबाई हसली की हिला वाटायचं, कोरडी बाई हसणारच. पारूबाईच्या पोरीला झोका देताना वाटायचं, ही पोरगीही आईसारखी कोरडीच निघणार. पारूबाईचा नवरा तिला घ्यायला सायकलवर आला आणि ती टुणकन मागं बसून गेली, तेव्हा तर मल्लम्माला भाकरी गोड लागली नाही. सायकलच्या कॅरिअरवर बसणं! ते सुख तिनं लग्नात एकदा घेतलं होतं, तेही वरून चादर टाकून.

अशात गावात बातमी आली की बालवाडी उघडणार. नव्या जिल्ह्याची नवी कचेरी, नवे साहेब, आणि गावातली निदान सातवी शिकलेली एक बाई घेणार. मुलाखतीला लातूरला बोलावणार. अर्ज दोघींचेच गेले, मल्लम्माचा आणि पारूबाईचा.

सासू पार्वतम्मा खूश. ओट्यावर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "आमच्या सुनंला आता पाटी न्हाई. बालवाडीच्या बाईला खुर्ची मिळती म्हणं, खुर्ची!"

खुर्ची म्हटलं की मल्लम्माच्या डोळ्यांपुढं लातूरची कचेरी यायची. साहेब म्हणतायत, बसा बाई. ती बसते. साहेब विचारतात, ती पटापट उत्तरं देते. साहेब म्हणतात, या आता. ती उठते, आणि खुर्चीवर... त्यापुढं तिचं मन जायचंच नाही. ती नोकरी तिला पाहिजे होती. जिवापाड पाहिजे होती. पाटीपासून सुटका, सावलीतलं काम, आणि तिला लेकरांचा मुळात लळा. आणि ती नोकरी आता एका खुर्चीवर अडली होती, जिच्यावर पारूबाई सहज बसून उठणार होती.

मग मल्लम्मानं पाळत सुरू केली. पारूबाईकडं काहीतरी युक्ती असणारच. टँकरला जायच्या निमित्तानं ती नव्या वस्तीच्या कडेनं जायची. तिथं काय दिसलं? दोरीवर भर उन्हात पांढरी, नाडीची, आखूड कापडं वाळत घातलेली. "नरसिंगच्या चड्ड्या असतील," म्हणून तिनं मान फिरवली. परक्या पुरुषाच्या चड्ड्या कशाला बघायच्या? आणि दारात पारूबाई भांडी घासताना दिसली. दुष्काळात भांड्याला पाणी कुणी लावत नव्हतं. राखेनं घासायची, फडक्यानं पुसायची. तव्यावरचं तेलकट, ताटातलं ओलं, सगळं राख पिऊन घ्यायची आणि भांडं लख्ख कोरडं.

मल्लम्मा जागच्या जागी थबकली. राख!

घरी आली ती सरळ देव्हाऱ्यापाशी. विभूतीच्या गोळ्याला हात घातला, आणि चटका बसल्यासारखा मागं घेतला. "शिवा शिवा! कुठली वस्तू कुठं लावायला निघाले मी!" दोन्ही गालांवर चापट्या मारून घेतल्या आणि चुलीकडं वळली. चुलीतली गोवरीची राख चाळली, वस्त्रगाळ केली, आणि त्या दिवशी काम बंद होतं म्हणून घरीच लावून बघितली. दिवसभर सावलीत होती. आणि खरंच कोरडी! संध्याकाळी ती ओट्यावर चक्क पाटावर बसली. पार्वतम्मा बघतच राहिली. मल्लम्मा मनात म्हणत होती, "पारूबाई, सापडलं तुझं गुपित."

मुलाखतीच्या दिवशी तिनं राख दुप्पट लावली. वर विरूपाक्षानं दिवाळीला घेतलेलं नायलॉनचं लुगडं, जांभळं, चकचकीत. रेणापूरच्या स्टँडवर पारूबाई आधीच उभी. अंगात साधी सुती साडी, हातात कापडी पिशवी आणि फिरकीचा तांब्या. मल्लम्माला बरं वाटलं. निदान लुगड्यात तरी आपण वरचढ.

एसटीत पारूबाईला जागा मिळाली. ती सरकली. "या की मल्लम्माक्का, दोघी बसू."

"नको. मला उभ्यानंच बरं वाटतं."

कंडक्टर ओरडला, "ओ बाई, जागा असताना उभ्या कामून राहून राहिल्या? तिकीट बसायचंच घेतलंय न्हवं?" सगळी गाडी हसली. मल्लम्मा दांडी धरून उभी. खिडकीतून फुफाटा येत होता, नायलॉन अंगाला चिकटलं होतं. घामाला वाट फुटली, राख भिजली, आणि राखेचं पाणी झालं. आता राखेचं पाणी म्हणजे काय, ते जुन्या माणसांना विचारा. त्या पाण्यानं पूर्वी घोंगड्याचा मळ निघायचा. तिथं घासून लाल झालेल्या कातडीची काय कथा! लातूर येईस्तोवर मल्लम्माच्या डोळ्यांपुढं काजवे चमकले. स्टँडवरून कचेरीपर्यंत ती अशी चालली, जशी खुराला ठेच लागलेली गाय. मागून पारूबाई. पारूबाईची ती मोकळी चाल पाठीमागं ऐकू येत होती, आणि आग कातडीची जास्त की त्या चालीची, ते मल्लम्माला सांगता येईना.

कचेरीच्या मागं बायांसाठी पत्र्याचा आडोसा होता. मल्लम्मा आत शिरली आणि भिंतीला डोकं टेकून रडायला लागली. पाठोपाठ पारूबाई.

"काय झालंय?"

"काही न्हाई. जा तू."

"मल्लम्माक्का, तुमच्या पिंढरीवरून भुरं पाणी उतरून राहिलंय. काय लावलंय?"

मल्लम्मानं पदरानं नाक पुसलं. "राख."

"राख? कामून?"

"तुझ्यासारखं कोरडं राहायला!" मल्लम्मा उसळली. "दोन उन्हाळे बघून राहिले मी तुला. बसती, उठती, थापा मारून चालती. दगड कोरडा! अंगठ्यानं चाचपलाय मी रोज. तुला देवानं घाम दिला न्हाई आणि मला सगळ्या गावाचा दिला!"

पारूबाई तोंडाला पदर लावून अशी हसली की तिलाच टेकायला भिंत शोधावी लागली.

"अवो अक्का, मी काय बाभळीचं खोड हाय व्हय? मला घाम येत न्हाई म्हणून कुणी सांगितलं?"

"दगडानं."

"मग दगडाला म्हणावं, वरून बघू नको." आणि पारूबाईनं साडीचा काठ हातभर उचलून दाखवला. आत मांडीपर्यंतची सैल चड्डी. नरसिंगच्या जुन्या धोतराची, धुऊन धुऊन सायीसारखी मऊ झालेली. "ही सगळा घाम पिती. दुपारच्या सुट्टीत मी आडोशाला जाती न्हवं, तवा बदलती. एक अंगात, एक पिशवीत. होस्टेलात बाईंनी आम्हा पोरींना शिवायला लावल्या होत्या."

मल्लम्माला दोरीवरची पांढरी कापडं आठवली. "त्या तुझ्या व्हय? मला वाटलं नरसिंगच्या."

"त्याला कुठं एवढं नशीब!" पारूबाई म्हणाली. "उन्हातच वाळवते. सावलीत लपवून वाळवलं की कुबट राहतं आणि मग जास्तच खाजवतं. आंघोळीला पाणी न्हाई तर न्हाई, पण एक तांब्या तिथल्यासाठी ठेवते. नुसतं धुवायचं, साबण रगडायचा न्हाई, टिपून कोरडं करायचं. आणि हे नायलॉन कशाला घातलं? ह्याला घाम पिताच येत न्हाई. लाल चट्टा पसरला तर दवाखान्यात नर्सबाईला दाखवायचं, मलम देती. राख भांड्याला, अक्का. अंगाला न्हाई."

बोलता बोलता तिनं तांब्याची फिरकी काढली. दिवसभराचं प्यायचं पाणी होतं ते. मल्लम्मा बिचकली. तिच्या घरात नव्या वस्तीच्या हातचं पाणी चालत नव्हतं. टँकरलाही रांगा दोन लागायच्या. पण तो नेम त्या पत्र्याआड कुणी विचारायला नव्हतं, आणि आग थांबत नव्हती. तिनं ओंजळ पुढं केली. पारूबाईनं ओतलं, तळापर्यंत. मग पिशवीतनं घडी केलेली कोरडी चड्डी काढून हातात दिली.

मल्लम्मानं घेतली, आणि तशीच थांबली. स्वभाव कुठं जातो! "तू कामून देऊन राहिलीस? जागा एकच हाय. मी आत गेलेच नसते तर तुझीच होती."

आता पारूबाईचा चेहरा बदलला. "कामून म्हणता? तुमच्यामुळं दोन उन्हाळे माझे जळाले, म्हणून! मी जरा टेकले की तो मुकादम साहेबराव म्हणणार, बघ त्या मल्लम्माबाईकडं, कधी बसली का? बाई असावी तर अशी. मी टेकलेली आळशी, तुम्ही उभ्या देवी! माझी पोरगी रडली तर माझ्याकडं येत न्हाई, तुमच्या झोक्यात गप्प होती. रोज म्हणायची मी, ह्या बाईचे पाय कशाचे हायत? आणि आज तुम्ही साहेबासमोरही उभ्या राहणार. साहेब म्हणणार, किती आदबीची बाई! आणि मी खुर्चीवर बसलेली, परत आळशीच. न्हाई अक्का. आज तुम्ही बसायचं. माझ्यासारखं बसायचं, आणि मग काय व्हायचं ते होऊ दे."

मल्लम्माला वाटलं, दोन उन्हाळे आपण हिच्यावर जळलो, आणि ही आपल्यावर! जगात आपल्या पायांचाही कुणी हेवा करतं, हे ऐकून खरं सांगायचं तर तिच्या अंगावर मूठभर मांस चढलं. जळजळ अजून होतीच, पण चेहऱ्यावर हसू फुटलं.

आधी पारूबाई आत गेली. तोवर मल्लम्मानं चड्डी चढवली, लुगडं वाऱ्यावर वाळवलं. पारूबाई हसत बाहेर आली. मग मल्लम्मा. टेबलामागं साहेब आणि एक बाई अधिकारी. खुर्ची प्लास्टिकच्या वायरनं विणलेली, हिरवी.

"बसा बाई."

मल्लम्मानं खुर्चीकडं बघितलं. देवाचं नाव घेतलं आणि बसली. दोन उन्हाळ्यांनी पहिल्यांदा लोकांसमोर बसली! पायांना असं वाटलं, जणू कुणी डोक्यावरची पाटी उतरवून घेतली. साहेब काहीतरी विचारत होते, ते तिला दुसऱ्यांदा विचारावं लागलं.

"कामावर बायका लेकरं कुठं ठेवतात? तुम्ही कधी सांभाळलीत का?"

आणि मल्लम्मा सुटली. कुठलं लेकरू झोक्यात निजतं आणि कुठलं खांद्यावर, भुकेचं रडणं कसं आणि मुंगी चावल्याचं कसं, पाणी कमी असताना लेकरांचं ढुंगण कोरडं कसं ठेवायचं, सगळं सांगितलं. बाई अधिकारी लिहायचं सोडून ऐकत बसल्या. शेवटी साहेब म्हणाले, "बरं, या आता."

मल्लम्मा उठली. दारापर्यंत गेली. आणि राहवलं नाही म्हणून वळून बघितलं. हिरवी खुर्ची कोरडी होती. साहेबांना वाटलं बाई काही विसरल्या. "काय राहिलं का?" "न्हाई साहेब," मल्लम्मा म्हणाली, "काहीच राहिलं न्हाई."

गावची बालवाडी मल्लम्माला मिळाली. पण थांबा, हेवा काही संपला नाही. नववी शिकलेली बाई वाया कशाला घालवायची म्हणून साहेबांनी पुढच्या महिन्यात पारूबाईला रेणापूरच्या मोठ्या बालवाडीवर घेतलं. पक्की खोली, आणि डोक्यावर विजेचा पंखा. पंखा! मल्लम्माच्या बालवाडीला पत्रा. बैठकीला रेणापूरला गेली की ती बरोबर पंख्याखालची जागा धरायची आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायची, "कोरड्या बायांनाच पंखे मिळतात बघा." पारूबाई म्हणायची, "तुमच्या बालवाडीत लेकरं पन्नास आणि माझ्याकडं तीस. पंख्याला काय जाळायचंय?" दोघी कधी एकमेकींची स्तुती करायच्या नाहीत. पण मल्लम्माच्या परड्यात त्या वर्षापासून भर उन्हात पांढरी नाडीची कापडं वाळत असायची. पार्वतम्मानं पहिल्यांदा कपाळाला हात लावला, आणि पुढच्या उन्हाळ्यात हळूच म्हणाली, "मलाही एक शिव गं." विरूपाक्षाचं जुनं धोतर संपलं तेव्हा त्यानं नवं आणून दिलं. का लागतं ते विचारलं नाही. भिंतीकडचं तोंड आपल्याकडं वळलं, एवढं त्याला पुरे होतं.

आता मल्लम्मा निवृत्त झाली. गुडघे धरलेत. गावात नवी सून आली, अवघडून चालताना दिसली, की मल्लम्मा तिला बोलावून घेते, दार लोटते आणि सगळं नाव घेऊन सांगते, दगडापासून राखेपर्यंत. बालवाडीतून निघताना मागून घेतलेली तिथली जुनी खुर्ची ओट्यावर असते, तिच्यावर ती दिवसभर बसलेली.

परवा अशीच एक सून सगळं ऐकून हसत सुटली आणि म्हणाली, "आजी, मग आता तर पारूआजीचा हेवा वाटत नसंल?"

मल्लम्मा खुर्चीत जरा मागं रेलली आणि म्हणाली:

"वाटत न्हाई कसा? लई वाटतो! तिच्या पोरानं आता घरात कूलर घेतलाय. पण पहिलं उभ्यानं हेवा करत होते बाई, आता बसून करती."